अल्पाने अनल्पाचे नियमन : मुंबईच्या उपनगरांतील एका तंत्रकल्पनेचा इतिहास व तिची मराठी परिभाषा

१. विषयप्रवेश

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर या स्थानकांवर उभे राहून लोकल गाडी सुटताना पाहिली, तर एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोटरमन जी कळ फिरवितो, त्या कळीतून गाडी ओढणारा प्रवाह वाहत नसतो. तीतून वाहतो तो अल्पसा प्रवाह. तो दूरच्या डब्याखालील खटक्यांना केवळ आज्ञा पोहोचवितो आणि मग ते खटके मोटारींचा शेकडो अँपिअरांचा प्रवाह जोडतात किंवा तोडतात. हाताशी असलेल्या लहान प्रवाहाने दूरच्या मोठ्या प्रवाहाचे नियमन करावयाचे, ही ती कल्पना होय.

आज हीच कल्पना शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगमेजावर वेगळ्या रूपाने येते. सूक्ष्मनियंत्रकाची पिन फार तर वीसेक मिलिअँपिअर देऊ शकते. मोटार, दिवा अथवा पंप यांना त्याच्या कित्येक पटींनी अधिक प्रवाह हवा असतो. दोहोंच्या मध्ये ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने या मंडलाची रचना शिकविण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि या विषयावर मराठीत एक टिपण लिहिण्याचा प्रसंग त्याजवर आला आणि त्या टिपणातील दोन शब्दांमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. त्या नुकसानीचे कारण शोधू जाता ते शब्दांच्या इतिहासात सापडले, आणि शब्दांचा इतिहास शोधू जाता तो याच उपनगरांतील रेल्वेच्या इतिहासाशी येऊन मिळाला. म्हणून हा प्रपंच.

२. रिले आणि डाक

या कल्पनेचा उगम तारायंत्राच्या काळातला आहे. अमेरिकन भौतिकीविद जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास असे दाखवून दिले, की लांब तारेतून येणारा क्षीण प्रवाह एका विद्युत्‌चुंबकास चेतवू शकतो, आणि तो चुंबक आपल्याजवळच्या दुसऱ्या, सशक्त मंडलाचा खटका मिटवू शकतो. तारायंत्राचा संदेश दूर जाता जाता क्षीण होई. या उपायाने प्रत्येक ठाण्यावर नव्या विद्युत्‌घटाच्या बळावर तो पुढे धाडता येऊ लागला.

या साधनास इंग्रजीत जे नाव मिळाले, ते मुळात घोड्यांच्या बदलीसंबंधीचे आहे. थकलेला घोडा ठाण्यावर सोडून ताजा घोडा घ्यावयाचा आणि निरोप मात्र तोच पुढे न्यावयाचा, ही ‘रिले’ची मूळ कल्पना. येथे मराठी वाचकास आपल्याकडील ‘डाक’ या शब्दाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘डाक’ म्हणजे केवळ पत्रे असा अर्थ अलीकडचा. ठराविक अंतरावर घोडे वा माणसे बसवून निरोप पुढे धाडण्याची व्यवस्था म्हणजे डाक, आणि अशी माणसे नेमणे म्हणजे ‘डाक बसविणे’, हा जुना अर्थ. कोशकारांनी पुढे रिलेसाठी ‘अभिचालित्र’ हा संस्कृतोद्भव शब्द योजिला. शब्द निर्दोष आहे. पण घोडा बदलतो व निरोप तोच राहतो, हे मर्म त्यात उतरलेले नाही. कारखान्यातील माणूस तर ‘रिले’च म्हणतो आणि त्याच्या कानी त्या शब्दाचा मूळ अर्थ मुळीच पडत नाही.

हे मर्म महत्त्वाचे अशासाठी, की रिलेमध्ये लहान प्रवाह ‘वाढून’ मोठा होत नाही. पहिला घोडा जसा दुसरा घोडा होत नाही, तसाच. मोठा प्रवाह वेगळ्या घटातून येतो, वेगळ्या वाटेने जातो. लहान प्रवाह केवळ त्याला वाट मोकळी करून देतो. पुढे वर्णन केलेल्या चुकीचे मूळ या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

३. लोकल गाडीतील नियमन

भारतातील पहिली विद्युत् रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या बंदर मार्गावर धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने यासाठी १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह स्वीकारला होता. मुख्य मार्गावरील घाटकोपर व मुलुंड ही स्थानके त्याच दशकात विजेच्या तारांखाली आली. पश्चिमेकडे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विद्युत् गाड्या सुरू केल्या, आणि अशा रीतीने अंधेरी-बोरिवलीही या व्यवस्थेत आली.

या गाड्यांना स्वतंत्र इंजिन नसते. गाडीतील काही डब्यांखालीच मोटारी असतात आणि अशा सर्व डब्यांतील मोटारी एकाच वेळी एकाच मोटरमनच्या आज्ञेने चालाव्या लागतात. ही अडचण अमेरिकेत फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ साली शिकागोच्या उन्नत रेल्वेवर सोडविली होती. प्रत्येक डब्यातील मोटारींचा भारी प्रवाह गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्याचा खटाटोप त्यांनी टाकून दिला. गाडीच्या लांबीभर नेल्या त्या केवळ नियंत्रणाच्या बारीक तारा. भारी प्रवाह ज्याच्या त्याच्या डब्यातच राहिला. मोटरमनने कळ फिरविली, की बारीक तारांतून अल्प प्रवाह जाई. तो डब्याखालील विद्युत्‌चुंबकी झडपा उघडी, झडपांतून आलेली संपीडित हवा भक्कम खटके मिटवी, आणि तेव्हा कोठे १५०० व्होल्टांचा प्रवाह मोटारींत शिरे. अल्प प्रवाह, चुंबक, हवा, खटका, महाप्रवाह, अशी ही टप्प्याटप्प्यांची डाकच होती.

याच गाड्यांतील दुसरी एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटरमनचा हात कळीवरून सुटला, तर प्रवाह आपोआप तुटतो व ब्रेक लागतात. आज्ञा देणारा प्रवाह नाहीसा झाला, तर मोठा प्रवाहही नाहीसा झालाच पाहिजे, असा हा दंडक. सिग्नलांची व्यवस्था याच दंडकावर उभी आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली शोधून काढलेल्या रूळमंडलात रुळांतून खेळविलेला अल्प प्रवाह एक रिले उचलून धरतो. गाडी त्या तुकड्यावर आली, की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह जवळच्या वाटेने परततो, रिले गळून पडतो आणि दिवा तांबडा होतो. तार तुटली किंवा घट संपला, तरीही परिणाम तोच, म्हणजे तांबडा दिवा. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूलाच झुकावा, ही त्यातील दृष्टी. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या विभागात १९२८ साली स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, ते याच तत्त्वावर.

पुढील इतिहास येथे थोडक्यात सांगतो. एकदिश प्रवाहाची जागा २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने हळूहळू घेतली. पश्चिम रेल्वेवर हे स्थित्यंतर २०१२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेच्या बंदर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये शेवटची १५०० व्होल्टांची लोकल धावली. दरम्यान २००७ पासून त्रिकला मोटारींच्या नव्या गाड्या येऊ लागल्या. त्यांत मोटारींचा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम हलणाऱ्या खटक्यांकडून अर्धसंवाहक साधनांकडे गेले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तीही अशाच जातीची. खडखडणारा खटका जाऊन त्याच्या जागी निःशब्द खटका आला. पण लहान प्रवाहाने मोठ्याचे नियमन ही कल्पना तशीच राहिली.

४. निःशब्द खटका

हा निःशब्द खटका म्हणजेच ट्रान्झिस्टर. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी तो प्रथम सिद्ध केला. विल्यम शॉकली यांनी त्याचे अधिक टिकाऊ असे संधिरूप मांडले. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील सिडनी डार्लिंग्टन यांनी दोन ट्रान्झिस्टर असे जोडले, की पहिल्याचा निष्पन्न प्रवाह दुसऱ्याची आज्ञा व्हावा. या जोडीस आजही त्यांचेच नाव आहे. १९५९ मध्ये अताला व कांग यांनी तयार केलेल्या प्रकारात आज्ञेसाठी अखंड प्रवाहाचीही गरज उरली नाही. केवळ दाब पुरेसा झाला.

मराठीत मात्र हा शब्द आधी आला तो यंत्राचे नाव म्हणून. १९६० नंतरच्या मराठी घरात ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे खांद्याला अडकविण्याचा रेडिओ. आतील तीन पायांचा घटक कोणी पाहिला नव्हता, आणि अंगाच्या नावाने अंगी ओळखला जाऊ लागला. अंधेरी पूर्वेस १९७३ साली केवळ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी वसाहत उभी राहिली, तेव्हा उपनगरांतील मराठी कामगार या घटकांच्या संपर्कात आला. वसाहत अंधेरीत असून तिच्या नावात मात्र सांताक्रूझ आहे, हीही एक गंमत. त्यामुळे या कामगाराची परिभाषा कोशातून न येता कामाच्या मेजावरून आली. ‘लोड’, ‘ड्रायव्हर’, ‘शॉर्ट’, ‘ग्राउंड’ हे शब्द त्याने जसेच्या तसे घेतले. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली होती, विश्वकोशाचे कार्यही चालू होते. पण कोशातील शब्द आणि मेजावरील शब्द यांची गाठ क्वचितच पडली.

आता मंडलाचे स्वरूप उदाहरणाने पाहू. बारा व्होल्टांच्या एका लहान रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम आहे असे समजा. त्यास ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. सूक्ष्मनियंत्रकाची पिन पाच व्होल्टांची. ती ना बारा व्होल्ट देऊ शकते, ना निर्धास्तपणे इतका प्रवाह. म्हणून वेटोळ्याचे एक टोक बाराच्या पुरवठ्यास आणि दुसरे ट्रान्झिस्टरच्या संग्राहकास जोडतात. उत्सर्जक जमिनीस, म्हणजे समाईक परतीच्या तारेस. पिनेतून आधारास प्रवाह द्यावयाचा. ट्रान्झिस्टर पुरता उघडावा म्हणून आधारप्रवाह भाराच्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३ मिलिअँपिअर, धरतात. आधार व उत्सर्जक यांमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या ४.३ व्होल्टांस ३ मिलिअँपिअरने भागले असता सुमारे १,४०० ओहम येतात. बाजारात मिळणारा १,५०० ओहमांचा रोधक चालतो. लॅमिंग्टन रस्त्यावर काही रुपयांत मिळणारा बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर १०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो, म्हणून तो येथे पुरेसा आहे. अशा अनेक वेटोळ्यांसाठी यूएलएन २००३ या एकाच तुकड्यात सात डार्लिंग्टन जोड्या मिळतात.

अशा रीतीने पिनेतील ३ मिलिअँपिअर ट्रान्झिस्टरमधील ३० मिलिअँपिअरांस आज्ञा देतात, आणि ते ३० मिलिअँपिअर रिलेच्या संपर्कातील दहा अँपिअरांस. लोकल गाडीतील डाक ती हीच. ठाणी तेवढी लहान झाली.

५. दोन शब्दांची चूक

काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातील एका शिक्षणसंस्थेच्या सायंवर्गासाठी या मंडलाचे मराठी टिपण करून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाने केले. तंत्रविषयक मजकूर जाणकारांनी तपासला होता. भाषा लेखकाची होती. त्यात दोन वाक्ये होती. पहिले असे, की भाराचा पुरवठा सूक्ष्मनियंत्रकाच्या पुरवठ्याहून ‘स्वतंत्र’ असावा. दुसऱ्यात रोधकाचे काम प्रवाहास ‘अडथळा करणे’ असे सांगितले होते.

विद्यार्थ्यांच्या एका गटाने ‘स्वतंत्र’ हा शब्द प्रामाणिकपणे घेतला आणि दोन्ही पुरवठ्यांत एकही तार समाईक ठेवली नाही. परिणामी आधारात शिरू पाहणाऱ्या प्रवाहास परतीची वाटच उरली नाही आणि रिले हलला नाही. आता त्यांनी दुसऱ्या वाक्याचा आधार घेतला. प्रवाह पोहोचत नाही, आणि वाटेत अडथळा करणारा घटक तर दिसतो आहे. तेव्हा तो काढलाच पाहिजे. रोधक काढला. तरीही काही घडले नाही, कारण परतीची वाट अद्याप नव्हतीच. तेवढ्यात शेजारच्या गटातील एकाने दोन्ही जमिनी जोडावयास हव्यात असे सांगितले. त्यांनी त्या जोडल्या. पाच व्होल्टांची पिन रोधकावाचून थेट आधारावर आली, आणि पिन निकामी झाली. सायंवर्गातील मुलाने आपल्या पगारातून विकत घेतलेली ती पाटी होती.

त्या मुलांचे प्रत्येक पाऊल टिपणातील शब्दांवरून तर्कशुद्धपणे निघाले होते. हे पाहून प्रस्तुत लेखकास जे वाटले, ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. परंतु ‘मराठीत हे विषय शिकविता येत नाहीत’ असा जो शेरा त्या प्रसंगी एका सहकाऱ्याने मारला, त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. दोष भाषेचा नव्हता. इंग्रजी वाक्यातील विशेषणाची जागा एका तयार विशेषणाने भरली, आणि मंडलात काय घडते हे मराठीत पाहिलेच नाही, हा दोष लेखकाचा होता.

६. पाटाचे दार आणि उघाडी

मराठीत ते पाहावयाचे कसे? देशावरील शेतकरी उसाला वा भाजीला पाणी देतो, त्या कामास ‘दारे धरणे’ म्हणतात. पाटाचे पाणी विहिरीचे वा कालव्याचे असते. दारे धरणारा माणूस ते निर्माण करीत नाही. तो फावड्याने मातीचा एक ढेकूळ सारतो आणि वाफा भरतो. ढेकूळ परत लावतो आणि पाणी थांबते. ट्रान्झिस्टरचे कार्य याहून अधिक नेमकेपणाने कोणत्या शब्दाने सांगता येईल? प्रवाह ‘वाढविणे’ वा ‘विवर्धन’ हे शब्द ध्वनिवर्धकाच्या संदर्भात उचित असतील. खटक्याच्या संदर्भात ते दिशाभूल करतात. भारास लागणारे पाणी पाटाचे, आज्ञेस लागणारे श्रम दारे धरणाऱ्याचे. दोन्ही वेगळे खरे. पण दोघांचे पाय एकाच जमिनीवर हवेत. ‘समाईक जमीन’ हा शब्दप्रयोग येथे आपोआप सुचतो, आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाने झालेली चूक टळते.

याच दृष्टीने आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. दार अर्धवट उघडू नये. बारा ओहमांचा दिवा बारा व्होल्टांवर लावला, तर एक अँपिअर वाहतो. ट्रान्झिस्टर पुरता उघडा असेल, तर त्याच्यावर सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट पडतात आणि त्यात वॉटचा तिसरा हिस्साही उष्णतेत जात नाही. तो अर्धवट उघडला आणि त्याच्यावर सहा व्होल्ट पडले, तर अर्धा अँपिअर वाहून तीन वॉट त्याच्यातच जळतात. दिवा मंद आणि ट्रान्झिस्टर तप्त, अशी ती अवस्था. आयआरएफझेड ४४ सारख्या साधनाच्या द्वारास पुरते उघडण्यास दहा व्होल्टांच्या जवळपास दाब लागतो, त्यास ३.३ व्होल्टांच्या पिनेवरून चालवू पाहणारे विद्यार्थी याच अर्धउघड्या दाराशी अडतात. दार मोडावयाचे तर पुरते मोडावे, हे पाणी देणाऱ्या माणसास सांगावे लागत नाही.

दुसरे रूपक किनाऱ्यावरचे आहे. रिलेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, तर वेटोळे तो चालू ठेवू पाहते. वाट न मिळाल्याने दाब बाराचे शंभराहूनही वर चढू शकतो, आणि ४५ व्होल्टांपर्यंतच तग धरणारा बीसी ५४७ त्याखाली मरतो. उपाय म्हणून वेटोळ्याला समांतर असा उलट्या दिशेने डायोड जोडतात. ट्रान्झिस्टर उघडा असता तो मिटलेला असतो. ट्रान्झिस्टर मिटताच तो उघडतो आणि वेटोळ्यातील प्रवाह त्यातून फिरून शांत होतो. हा घटक समजावून सांगताना बहुतेक पुस्तके ‘संरक्षक’ म्हणून पुढे जातात. उत्तर कोकणच्या खारजमिनींत, बांधात, एकाच दिशेने उघडणारी दारे बसवितात; त्यांस ‘उघाडी’ म्हणतात. भरतीचे खारे पाणी दार दाबून मिटविते. ओहोटी लागली, की आत साचलेल्या पाण्याच्या जोराने ते आपोआप उघडते. माणसाची आज्ञा लागत नाही. दाबाची दिशाच आज्ञा होते. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या विद्यार्थ्यास बांध आणि भरती-ओहोटी ही पुस्तकात शोधावी लागू नयेत. डायोडला ‘उघाडी’ हे पर्यायी नाव द्यावे, असा आग्रह नाही. डायोड हा शब्द रूढ आहे, तो राहू द्यावा. समजावून सांगताना मात्र उघाडीचा उपयोग व्हावा.

७. समारोप

परिभाषेच्या वादात आपल्याकडे दोन पक्ष दिसतात. एकास प्रत्येक इंग्रजी शब्दास संस्कृत प्रतिशब्द हवा. दुसऱ्यास इंग्रजी शब्द ठेवून क्रियापद तेवढे मराठी हवे. शालेय पुस्तकांत ‘प्रवाह’ जाऊन ‘विद्युतधारा’ आल्याने कोणी अधिक शहाणा झाला नाही, की ‘करंट’ म्हटल्याने कोणाचे ज्ञान कमी झाले नाही. नामांपेक्षा क्रियापदे महत्त्वाची आहेत, असे या प्रकरणावरून प्रस्तुत लेखकाचे मत बनले आहे. उघडणे, मिटणे, सारणे, गळून पडणे, परतणे, उचलून धरणे या क्रिया मराठीत जितक्या नेमक्या आहेत, तितके नेमके आपण त्यांचा उपयोग करीत नाही.

टिपण आता सुधारले आहे. पहिले वाक्य असे : ‘भाराचा प्रवाह भाराच्याच पुरवठ्यातून येतो, दोन्ही पुरवठ्यांची जमीन मात्र एकच असावी.’ दुसरे असे : ‘रोधक पिनेस जपतो, तो काढू नये.’ त्यानंतरच्या वर्गांत हे मंडल अनेक गटांनी जोडले. नव्या टिपणावर बसलेल्यांपैकी कोणाचीही पिन अद्याप जळालेली नाही. ज्याची पाटी निकामी झाली होती, तो मुलगा दुसऱ्या वर्षी त्याच वर्गात मदतनीस म्हणून आला आणि रिलेने पहिला टकटकाट केला तेव्हा ‘दार उघडलं’ असे म्हणाला. लोकल गाडीच्या डब्याखाली गेली शंभर वर्षे हाच शब्द न उच्चारता घडत आलेला आहे.